बुरशीशी सोयरीक

सव्वीस वर्षं मी बुरशीशी लढतो आहे. लढतो म्हणजे टेबलाशी बसून लढतो. भिंतींचे रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात मी आहे आणि माझ्याकडे फक्त बुरशीच्या तक्रारी येतात. फुगे आणि पोपडे शेजारच्या टेबलावर. माझ्या उत्तराची पहिली ओळ सव्वीस वर्षांत बदललेली नाही: 'आपल्या भिंतीवर बुरशी आल्याचे वाचून आम्हांस खेद झाला.' हा खेद मी काही हजार वेळा व्यक्त केलेला असल्यामुळे मला कधी खराखुरा खेद झाला, तरी घरच्यांना वाटतं, हे ऑफिसातलं बोलतायत.

अशा माणसाने बुरशीचं पाकीट स्वतःच्या हाताने विकत आणावं, घरच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवावं आणि 'हात लावू नका' अशी चिठ्ठी त्यावर चिकटवावी, याला कारण झाले आमचे सासरे.

सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, त्याला तेव्हा चौदा महिने झाले होते. येताना त्यांनी एक ट्रंक, एक खुर्ची आणि सात कुंड्या आणल्या. कुंड्यांत झाड म्हणाल तर एकही नाही. सासूबाईंच्या आजारपणात सगळी वाळून गेलेली. नुसती माती, वर चार काटक्या. बायकोने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "बाबा, ही माती टाकून देऊ या का?"

"नको," सासरे म्हणाले.

तो त्यांचा एक शब्द. दुसरा शब्द 'हं'. चौदा महिने त्यांनी या दोन शब्दांवर काढले. चाळीस वर्षं कारखान्यात लेथ चालवलेला माणूस. लोखंडी दांड्यात सुताचा फरक दिसला की साहेबालाही सुनावणारा. तो आता बाल्कनीच्या दारात खुर्ची टाकून सात कुंड्यांकडे बघत बसायचा. जेवण समोर ठेवलं तर जेवायचे, नाही ठेवलं तर विचारायचे नाहीत.

डॉक्टरांनी त्यांना पुढून मागून तपासलं आणि म्हणाले, "तब्येत ठणठणीत आहे. सकाळी खुर्चीतून उठायला काहीतरी कारण द्या यांना."

कारण औषधाच्या दुकानात मिळत नाही. तेवढ्यात माझ्या मेहुण्याचा फोन आला. त्याच्या गावी निवृत्त लोकांसाठी एक चांगला निवास होता. नर्स, बगीचा, बोलायला बरोबरीची माणसं. मुलांना सुट्टी लागली की तो न्यायला येणार होता. मेहुणा वाईट माणूस नाही. त्यालाही वडील तसे बसलेले बघवत नव्हते.

बायकोने सासऱ्यांना विचारलं, "बाबा, दादाकडे जायचं का?"

"हं."

"की इथेच राहायचं?"

"हं."

बायको स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ बराच वेळ नुसता सोडून ठेवला. सुट्टीला सहा महिने होते. त्या सहा महिन्यांत सासऱ्यांना नक्की काय हवंय हे त्यांच्याच तोंडून काढायचं, एवढं मी त्या नळाच्या आवाजात ठरवलं.

गाजराची गोष्ट बायकोनेच सांगितली. सासूबाई सासऱ्यांच्या डब्यात रोज एक कच्चं गाजर द्यायच्या. त्यातलं अर्धं ते जेवताना खायचे आणि अर्धं संध्याकाळी परत आणायचे. तिच्यासाठी. चाळीस वर्षं. हे ऐकल्यावर मी दाढी करायला गेलो असताना सलूनमध्ये एक जुनं मासिक हाती लागलं. त्यात लेख होता: 'उपयुक्त बुरशी वापरा, कंदमुळे पोसा'. मातीतली एक बुरशी म्हणे पिकाच्या मुळांत घर करते, आपले धागे लांबवर पसरते, मुळांना जिथे पोचता येत नाही तिथलं पाणी आणि पोषण आणून देते आणि बदल्यात मुळांकडून थोडी साखर घेते. मी तो लेख दोनदा वाचला. सव्वीस वर्षांत बुरशीबद्दल कुणी चांगलं बोललेलं मी प्रथमच ऐकत होतो.

आमच्या इमारतीच्या मागे, भिंतीला लागून, अकरा फूट लांब आणि तीन फूट रुंद अशी एक पट्टी रिकामी होती. तिथे पूर्वी सायकली गंजत असत. मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे अर्ज केला. त्यात 'बुरशी' हा शब्द लिहिला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं, पण प्रामाणिकपणा हा माझा जुना आजार आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कमिटीची सभा झाली. तळमजल्यावरच्या बाईंनी विचारलं, ती बुरशी जिना चढते का. शेवटी 'सहा महिने, प्रायोगिक तत्त्वावर, बुरशी जमिनीखालीच राहील या अटीवर' परवानगी मिळाली. अट बुरशीला कळवण्याची जबाबदारी माझ्यावर टाकण्यात आली.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. ते कुठल्याही कामाला हात लावत नाहीत, पण सल्ल्याला नाही म्हणत नाहीत. ते म्हणाले, "गाजर नाजूक असतं हो. एकदम गाजर नको. आधी मुळा, मग बीट, मग गाजर. पहिली, दुसरी, तिसरी. इयत्ता गाळून चालत नाही."

मला पटलं. मी मुळा आणि बीट पेरलं, खाली पाकिटातली बुरशी शास्त्रशुद्ध भुरभुरवली आणि सासऱ्यांना वर येऊन रोज बातमी देऊ लागलो. "बाबा, मुळा उगवला." हं. "बाबा, बीटाला चार पानं आली." हं. महिन्याभराने एक मुळा उपटून त्यांच्यासमोर धरला. माझ्या करंगळीएवढा होता आणि करंगळीपेक्षा वाकडा. सासऱ्यांनी तो मिनिटभर पाहिला आणि नजर पुन्हा कुंड्यांकडे वळवली. लेथवर नापास झालेल्या दांड्याकडे ते असंच बघत असणार.

मी तो मुळा रुमालात गुंडाळून कृषी सल्ला केंद्रात गेलो. तिथे आधी फॉर्म भरावा लागतो. 'एकूण क्षेत्र (हेक्टर)' या रकान्यात मी हिशेब करून ०.०००३ लिहिलं.

खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म डोळ्यांजवळ नेला. "साहेब, यातला दशांश चुकलाय."

"चुकलेला नाही."

"मग शेत कुठाय?"

"सायकलींच्या जागी."

त्याने मला बसायला सांगितलं आणि माझ्यामागून आलेल्या नऊ जणांना आत सोडलं. त्या सगळ्यांच्या दशांशाच्या अलीकडे काहीतरी होतं. सव्वीस वर्षं लोकांना ताटकळत ठेवणाऱ्या खात्यात काम केल्यामुळे माझी तक्रार नव्हती, पण बरं वाटत नव्हतं एवढं नमूद करतो.

आतल्या सल्लागार बाई मात्र चांगल्या होत्या. त्यांनी मुळा उलटसुलट केला आणि चष्मा काढला. "तुम्ही मुळ्याला ही बुरशी घातलीत? आणि अजून कशाला?"

"बीटाला."

"अहो, मुळा आणि बीट या दोन घराण्यांची या बुरशीशी सोयरीकच होत नाही! ती दारात उभी राहिली तरी हे आत घेत नाहीत. तुम्ही गाजर का नाही लावलंत? गाजराचं आणि हिचं छान जमतं."

"आधी गाजरच लावणार होतो," मी म्हणालो. मुख्याध्यापकांचं नाव काढलं नाही. मोठ्यांचा मान राखावा अशी आम्हाला शिकवण आहे.

बाईंनी निघताना बजावलं, "रासायनिक खत भसाभस घालू नका. आयतं मिळालं की मूळ बुरशीला विचारत नाही. आणि बुरशीनाशकाचा थेंबसुद्धा जवळ आणू नका." हे त्या कोणाला सांगत होत्या ते त्यांना माहीत नव्हतं. मी मान डोलावली.

गाजर पेरलं. पंधरा दिवसांत नाजूक, कातरलेली पानं वर आली. मी बाल्कनीतून सासऱ्यांना खालची पानं दाखवली. ते खुर्चीतच पुढे वाकले. वाकले, हे मी बायकोला तीनदा सांगितलं. ती म्हणाली, "पाठ दुखत असेल." पण तिने त्या दिवशी चहा दोनदा केला.

आणि नेमकी तेव्हाच पट्टीमागच्या भिंतीवर ओल आली. आधी थाळीएवढी, मग परातीएवढी, त्यावर काळे ठिपके. मी व्यवसायाने सांगू शकत होतो की मुळांत राहणारी बुरशी भिंती चढत नाही. ती वेगळी, ही वेगळी. पण सेक्रेटरींना बुरशी म्हणजे बुरशी. त्यांनी मला न सांगता थेट रंगाच्या कंपनीला पत्र घातलं.

ते पत्र माझ्या टेबलावर आलं. अर्थात. दुसरीकडे कुठे जाणार?

'आमच्या इमारतीतील एक रहिवासी, जो आपल्याच कंपनीत नोकरीस असल्याचे समजते, मुद्दाम बुरशी पाळतो. सदर बुरशी आता भिंतीवर चढली आहे. सदर रहिवाशास समज द्यावी.' मी स्वतःला कशी समज द्यावी यावर बराच विचार केला. शेवटी नियमाप्रमाणे उत्तर लिहिलं: 'आपल्या भिंतीवर बुरशी आल्याचे वाचून आम्हांस खेद झाला.' खाली कुणालाच वाचता न येणारी ऑफिसातली सही केली.

सेक्रेटरी ते उत्तर घेऊन जिन्यात मला गाठते झाले. "बघा! तुमच्या कंपनीलाही खेद झालाय!"

"झालाय खरा," मी म्हणालो.

आमच्या साहेबांनी ती फाइल पाहिली आणि म्हणाले, "तुम्ही तिथेच राहता ना? मग उपचार तुम्हीच करून टाका, माणूस कशाला पाठवायचा." घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. पण एक कबूल करतो. मला आतून गुदगुल्या झाल्या. सव्वीस वर्षं मी लोकांना पत्रातून भिंत कशी धुवावी हे सांगत आलो आणि प्रत्यक्ष भिंत धुण्याची संधी पहिल्यांदाच मिळत होती. रविवारी सकाळी कंपनीचं बुरशीनाशक बादलीत कालवलं, पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे भिंत वरून खाली तीन हात धुतली, मध्ये वीस-वीस मिनिटं थांबलो. इमारत बघायला जमली होती. मुख्याध्यापक गच्चीतून म्हणाले, "कोपरा राहिला." मी कोपरा धुतला. भिंत लखलखीत झाली. सेक्रेटरींनी माझा हात हातात घेतला.

सोमवारी मी ऑफिसात उपचाराचा अहवाल भरायला घेतला. हा फॉर्म मी स्वतः पंचवीस वर्षांपूर्वी तयार केला होता. त्यात नववा रकाना आहे: 'उपचारानंतरच्या पाण्याचा निचरा कोठे झाला?' आजवर हजारो फॉर्मवर मी तिथे डोळे मिटून 'लागू नाही' लिहीत आलो. आज पेन टेकवलं आणि ते तिथेच थांबलं.

निचरा गाजरांत झाला होता. तीन हात, वरून खाली, कोपऱ्यासकट. मी सर्वोत्तम बुरशीनाशकाच्या तीन बादल्या माझ्याच पाळीव बुरशीच्या डोक्यावर ओतल्या होत्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

अर्धी रजा टाकून घरी आलो. पट्टीवरची पानं पिवळी पडून आडवी झाली होती. सुट्टीला साडेतीन महिने उरले होते. मी वर गेलो आणि सासऱ्यांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसलो. बायको अजून कामावरून आली नव्हती, म्हणून बोलू शकलो.

"बाबा, मीच मारली गाजरं. तुमच्यासाठी लावली होती. आईंच्या डब्यातल्यासारखं एक निघालं असतं, तुम्ही ते हातात घेतलं असतंत, तर कदाचित बोलला असतात असं वाटत होतं मला. तुम्हाला कुठे राहायचंय ते आम्हाला कळत नाही हो. तुमची लेक रोज रडते. मला खेद झाला, बाबा." आणि तोंडातून गेलेला तो शब्द ऐकून मलाच कसंसं झालं. "खरंच झाला. ऑफिसातला नाही."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "किती खोल?"

मला आधी कळलंच नाही की हा नुसता तिसरा आणि चौथा शब्द नव्हे, अख्खा प्रश्न आहे. "काय किती खोल?"

"औषध. किती खोल मुरलं?"

"वीतभर असेल."

"हं," सासरे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोच्या हाकेने मी उठलो. "अहो, बाबा खुर्चीत नाहीयेत!" न्हाणीघर पाहिलं, जिना पाहिला. बाल्कनीत पाहिलं तर कुंड्या सहाच. मी कठड्यावरून खाली वाकलो. सासरे पट्टीशेजारी पालथ्या बादलीवर बसले होते. सातवी कुंडी त्यांच्या दोन पायांमध्ये होती. कुंडी घेऊन दोन जिने ते कसे उतरले हे त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही.

आम्ही धावत खाली गेलो. ते कुंडीतली माती बोटांनी मोकळी करत होते. मुळांच्या वाळक्या केसांसकट, चिमटीचिमटीने.

"जावईबापू, ही सगळी माती काढा," ते म्हणाले. "वीतभर नाही, दीड वीत. आणि नवी आणा. पण नुसती नवी घालून उपयोग नाही. ती म्हणायची, नव्या मातीत जुनी मूठभर घातल्याशिवाय रोप रुजत नाही. प्रत्येक नव्या कुंडीत घालायची. आम्ही चार घरं बदलली, तेव्हा कपबश्या फुटल्या तरी चालल्या, पण ही माती तिने मांडीवर घेऊन आणली. टाकू कशी?"

बायको तिथेच मातीत बसली आणि बापाच्या गुडघ्यावर तिने डोकं ठेवलं. मी फावडं आणायला गेलो. फावडं समोरच होतं, पण मी ते बराच वेळ शोधलं.

मी दीड वीत खणलं. नव्या मातीची पोती उचलायला अचानक सेक्रेटरी आले. त्यांचा चेहरा उतरला होता. सकाळी प्लंबर येऊन गेला होता आणि भिंतीतली ओल सेक्रेटरींच्याच न्हाणीघरातून येत असल्याचं निघालं होतं. मी फक्त दोन पोती जास्त मागवली.

सासऱ्यांनी दोरी ताणली, ट्रंकेतून व्हर्नियर काढला आणि बियांमधलं अंतर मोजलं. हे हत्यार आयुष्यभर लोखंडाची जाडी मोजायला वापरलेलं. एकेक बी, खाली सासूबाईंच्या मातीची एकेक चिमूट. एक ओळ मी हट्टाने माझ्या पाकिटासाठी मागून घेतली. फ्रिजमधल्या बुरशीलाही न्याय मिळायला हवा होता. त्या दिवसापासून सकाळी सहाला सासऱ्यांची काठी जिन्यात वाजू लागली. मुख्याध्यापकांनी एकदा वरून सल्ला दिला, तर सासरे म्हणाले, "गुरुजी, खाली या आणि करून दाखवा." ते खरंच खाली आले आणि रोज तण काढू लागले. पाठीला बरं वाटतं म्हणे.

सुट्टी लागली आणि मेहुणा आला. त्याच दिवशी सहा महिने संपत असल्याने कमिटी तपासणीला जमली होती आणि मी बोलावल्यामुळे सल्लागार बाईही आल्या. सासऱ्यांनी पहिलं गाजर उपटलं. लांब, सरळ, केशरी. व्हर्नियर लावला. मग माझ्या ओळीतलं उपटलं. त्याला दोन पाय फुटले होते आणि एक दुसऱ्यावर टाकलेला होता. "सूतभर कमी," ते म्हणाले, आणि माझा पडलेला चेहरा बघून पुढे म्हणाले, "पण बसलंय आरामात."

बाईंनी दोन्ही ओळींतली बारीक मुळं डबीत घालून नेली आणि संध्याकाळी त्यांचा फोन आला. दोन्हींत बुरशी चांगली जमली होती. पाकिटातली एकाच जातीची होती, पण कुंडीच्या मातीतल्या ओळीत तीन-चार जाती होत्या, वर्षानुवर्षं सांभाळलेल्या. "कोणी जोपासली ही?" बाईंनी विचारलं.

सासऱ्यांनी फोन जरा लांब धरला, घसा खाकरला. "आमच्या मंडळींनी," ते म्हणाले.

मेहुण्याची बॅग दारातच होती. त्याने चाचरत विचारलं, "बाबा, मग... यायचं ना माझ्याकडे?" बायको ओट्याशी पाठ करून उभी होती. नळ बंद होता.

"यंदा जमायचं नाही रे," सासरे म्हणाले. "पुढच्या महिन्यात पुन्हा पेरायचंय. यांच्या भरवशावर टाकून कसा येऊ? हे भिंत धुतील." मग त्यांनी वाटीभर माती पुढे सरकवली. त्याच ओळीतली, ताजी. "ही घेऊन जा. तुझ्या घरी एखादी कुंडी असेल ना? मूठभर घाल."

मेहुण्याने वाटी दोन्ही हातांत धरली. थोड्या वेळाने त्याने बॅग उचलून आतल्या खोलीत नेली आणि आठ दिवस राहिला.

जेवताना सासऱ्यांनी ते पहिलं गाजर घेतलं आणि कटकन मधून मोडलं. अर्धं त्यांनी खाल्लं, सावकाश, शेवटच्या टोकापर्यंत. उरलेलं अर्धं सवयीने शर्टाच्या खिशात घालायला नेलं. हात खिशाशी थांबला. मग त्यांनी हात वळवला आणि ते अर्धं गाजर लेकीच्या ताटात ठेवलं.

"खा," ते म्हणाले. "कसं झालंय सांग."

तिने एक तुकडा चावला आणि डोळे पुसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू, तुम्ही सांगा. चांगलं झालंय ना?"

सव्वीस वर्षं पत्रं लिहिणारा मी. पण तेव्हा माझ्याकडे एकच शब्द होता.

"हं," मी म्हणालो.